पुलावरची रेघ आणि घराचा उंबरठा

भोपाळच्या माणसाला १६६६.८० हा आकडा कशाचा, असे विचारून पाहा. तो क्षणभरही थांबणार नाही. मोठ्या तलावाची ही पूर्ण भरल्याची पातळी, समुद्रसपाटीपासून फुटांत मोजलेली. जुलै लागला की इथली वर्तमानपत्रे तलाव अजून किती फूट रिता आहे ते रोज सांगतात आणि चौकाचौकांत त्यावर चर्चा रंगते. तलाव अकराव्या शतकातला, राजा भोजाचा. भदभद्याचा अकरा दरवाज्यांचा बांध १९६५ सालचा. ते दरवाजे उघडले की अर्धे शहर मुलाबाळांना घेऊन पाणी पाहायला लोटते. भाजलेली कणसे खाल्ली जातात, फोटो काढले जातात. तेच पाणी पुढे कलियासोत नदीत उतरते आणि त्या नदीच्या काठाने आता दाट वस्ती आहे. वर उभ्या असलेल्याला हा आकडा आनंदाची बातमी सांगतो. खाली राहणाऱ्याला त्याने सामान आवरायला सांगितले पाहिजे. तो तसे सांगतो का, आणि कोणत्या भाषेत सांगतो, हा या लेखाचा विषय आहे.

वाचकहो, मी होमिओपॅथीचा डॉक्टर. इतिहास हा माझा पेशा नाही. पण आमच्याकडे औषध देण्याआधी रोग्याची हकीकत सविस्तर लिहून घेण्याची शिस्त असते: दुखणे केव्हा सुरू झाले, आधी काय जाणवले, त्या वेळी घरात कोण होते. पूर आणि वादळे यांच्याकडेही मी याच सवयीने पाहतो. माझे मूळ गाव शिरोळ तालुक्यातले, कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातले. तिथे आम्हा शेतकरी जैनांची वस्ती जुनी आणि मोठी. आयुष्य मात्र भोपाळात गेले. त्यामुळे एका बाजूला कृष्णा आणि दुसऱ्या बाजूला नर्मदा-बेतवा अशा नद्यांच्या हकीकती कानांवर पडत आल्या. त्या जुळवून पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. संकट येणार हे कुणाला तरी ठाऊक असते. ती माहिती कुठल्या तरी वहीत, तारेत, फोनवर आलेली असते. ती घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचायची राहते.

पुण्याचेच पाहा. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. त्याआधी १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि पुढचे दुष्काळ यांनी राज्यकर्त्यांना पावसाची नोंद ठेवणे भाग पाडले होते. या खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले. म्हणून त्या इमारतीला पुणेकर आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, तरी खात्याचा मोठा पसारा पुण्यातच राहिला. म्हणजे आकाशाची नाडी पाहणारे तज्ज्ञ ज्या गावात बसत, तेच गाव १२ जुलै १९६१ रोजी बुडाले.

पानशेतचे मातीचे धरण अजून पुरते झाले नव्हते. त्यात त्या पावसाळ्यात पाणी साठले. पाणी सोडण्याच्या मोरीवरची माती खचू लागली. ११ जुलैची सारी रात्र लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खाली १८७९ सालचे खडकवासल्याचे दगडी धरणही दुपारी टिकले नाही. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांत घरे कोसळली. खडकवासला हाच शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आधार, त्यामुळे बुडालेले शहर पाण्यावाचून तहानलेले राहिले.

यात हवामानशास्त्राची उणीव नव्हती. धरणावर धोका आहे हे रात्रभर पोती रचणाऱ्या शेकडो हातांना माहीत होते. ते कसब्यातल्या किंवा नारायण पेठेतल्या घरात कसे पोहोचावे, कुणी पोहोचवावे, आणि ऐकणाऱ्याने काय करावे, याची रीतच ठरलेली नव्हती. पाणी दिवसाउजेडी आले, लोक जागे होते, तोंडोतोंडी बातमी फिरली आणि माणसे उंचावर पळाली. हेच रात्री घडले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही पुणेकरांना नकोसा वाटतो.

त्यानंतरची पुनर्बांधणीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. स. गो. बर्वे यांच्यासारखा शहर जाणणारा अधिकारी त्या कामावर आला. लोकमान्यनगर, गोखलेनगर, महर्षीनगर अशा वसाहती पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या. न्या. बावडेकरांचा चौकशीचे काम चालू असतानाच मृत्यू झाला आणि न्या. नाईकांनी ते पुरे केले. घरे मिळाली, अहवाल मिळाला. पण वाड्यात एका नळावर भेटणारी, एकमेकांच्या घरातली आजारी माणसे ओळखणारी शेजारपाजारची माणसे चार दिशांना विखुरली. पुनर्वसनाच्या हिशेबात घरे मोजली जातात, शेजार मोजला जात नाही. पुढच्या संकटात पहिली हाक मात्र शेजारीच मारतो.

आता पुण्याहून माझ्या गावी, भोपाळला येऊ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली रात्र पावसाची नव्हती. कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तो पुराच्या नव्हे, वाऱ्याच्या वाटेने आला. पण त्या रात्री हवामानाचा हात होताच. थंडी होती, वायू हवेपेक्षा जड होता, तो जमिनीलगत पसरत गेला. लोक जिवाच्या आकांताने धावले आणि धावताना अधिक खोल श्वास घेतले गेले. तोंडा-नाकावर ओला फडका धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, ही दोन वाक्ये कारखान्याच्या भोवतीच्या वस्त्यांना आधी कुणी सांगितलेली नव्हती. दोन वाक्ये, आणि घरात असलेला एक पंचा. यापेक्षा स्वस्त पूर्वतयारी कोणती? त्या दुर्घटनेनंतर राज्य सरकारने १९८७ मध्ये भोपाळात आपत्ती व्यवस्थापन संस्था काढली. देशात या विषयाचा कायदा होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

तो कायदा २००५ च्या डिसेंबरात झाला, आणि त्या वर्षाची हकीकत मुळातून वाचण्याजोगी आहे. त्या वर्षी एप्रिलात, पावसाचा थेंब नसताना, देवास जिल्ह्यात धाराजीला नर्मदेच्या पात्रात भूतडी अमावास्येची जत्रा भरली होती. रात्री वरच्या इंदिरासागर धरणातून पाणी सुटले आणि पात्रात झोपलेल्या साठहून अधिक यात्रेकरूंचा जीव गेला. पाणी सोडणाऱ्याला खालची जत्रा दिसत नव्हती, आणि यात्रेकरूंना वरचे धरण. दोघांच्या मध्ये एक माणूस हवा होता.

त्याच वर्षी २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. एकाच शहराच्या दोन टोकांना दोन ऋतू! दक्षिणेतल्या कचेरीच्या खिडकीतून उपनगराची कल्पना येणे शक्य नव्हते. त्याच पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेला पूर आला आणि सांगली, कोल्हापूर, शिरोळ पाण्यात गेले. वर्षअखेरीस संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. नारिंगी कपड्यातले ते जवान आज साऱ्या देशाला ठाऊक आहेत.

पण २००५ ने आमच्या खोऱ्याला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे खूण. घरोघरी भिंतीवर पाण्याची रेघ उरली. पुढे चौदा वर्षे जो तो त्या रेघेकडे बोट दाखवून सांगे, ‘पाच साली पाणी इथवर आले होते.’ त्यातून एक समज रुजला की याच्या वर पाणी येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ते आले. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्यावर धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट. तिथे पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर पोहोचली. पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला. पाचच्या रेघेवर विश्वास ठेवून माळ्यावर चढून बसलेली कुटुंबे माळ्यावरच अडकली.

न निघण्याचे दुसरे कारण गोठ्यात होते. ज्या घराचा संसार दोन म्हशींच्या दुधावर चालतो, त्या घरातली माणसे म्हशी सोडून नावेत बसत नाहीत. त्याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण ज्या योजनेत जनावरांची जागा आणि चारा लिहिलेला नाही, ती योजना त्या घरासाठी केलेलीच नाही. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावचीच नाव, दाटीवाटीने भरलेली, पाण्यात उलटली आणि सतरा जण गेले. ती माणसे सुटकेच्या वाटेवर होती. निघायचे दोन दिवस आधी ठरले असते, तर ती पायी चालत कोरड्या रस्त्याने गेली असती.

पुढे दोष अलमट्टीचा की अतिवृष्टीचा की पात्रातल्या बांधकामांचा, यावर वाद झाले, समित्या बसल्या. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा नकाशावर आखतात: निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे शास्त्र खरे आहे. पण ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ सामान्य माणूस असा घेतो की एकदा आला, आता शंभर वर्षे निवांत. वास्तविक अर्थ असा की दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता. यंदा आला तरी पुढच्या वर्षी ती तेवढीच राहते. हा अर्थ नकाशावर छापता येत नाही. तो कुणीतरी समोर बसून सांगावा लागतो.

आमच्याच तालुक्यात याचा एक जुना नमुना आहे. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचे देऊळ. पाणी वाढत जाते, उत्तरेच्या दाराने आत शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि स्नानासाठी गर्दी लोटते. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवतात. घाटाजवळचे पेढे-बासुंदीवाले आपापली दुकाने उचलतात. यासाठी कुणाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. पाणी या पायरीला आले की हे, त्या पायरीला आले की ते, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. मी जैन, दत्तसंप्रदायाचा नव्हे. पण देवाने स्वतः वेळेवर जागा सोडावी आणि त्यात कुणाला कमीपणा वाटू नये, ही शिकवण मला मोठी वाटते. आमच्याकडेही चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवून एका गावी राहतात. पावसाळ्यात पायाखाली जीव चिरडू नयेत हे त्याचे मूळ. पण त्यातून आणखी एक गोष्ट साधते: ते चार महिने कोण कुठे आहे, हे साऱ्या समाजाला ठाऊक असते.

रेघेवरून कृती ठरवण्याचे हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर चालते का? ओडिशाने ते करून दाखवले. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन वादळ आले तेव्हा दहा लाखांच्या घरात लोक आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. मधल्या चौदा वर्षांत अंदाज सुधारले हे खरेच. पण किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, रंगीत तालमी झाल्या. त्याही आधी, १९७० च्या भोला चक्रीवादळात लाखो माणसे गमावलेल्या बांगलादेशने कर्णे आणि निशाणे हातात देऊन गावकरी स्वयंसेवकांची फळी उभारली होती. आपल्याकडे २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजनेने याच धर्तीवर पूरप्रवण जिल्ह्यांत दोन-दोनशे स्वयंसेवक शिकवायला घेतले. यात कुठेही जादू नाही. उपग्रहाने पाहिलेले वादळ शेवटी एक ओळखीचा माणूस सायकलवरून येऊन दारात सांगतो, तेव्हा घरातली म्हातारी उठते.

इथे साहित्य मंडळाच्या वाचकांकडे माझे एक मागणे आहे, कारण हा प्रश्न बराचसा भाषेचा आहे. पावसाळ्यात सूचना येते ती साधारण अशी: ‘धरणातून एक लाख क्युसेक विसर्ग सुरू, सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे.’ यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे आणि एकही उपयोगाचा नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर. लाख क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे सुमारे दोनशे ऐंशी टँकर, दर सेकंदाला. हे कळले की अंगावर काटा येतो, पण पाणी माझ्या दारात येणार की नाही हे तरीही कळत नाही. ‘सखल भाग’ हा दुसऱ्याच कुणाचा तरी पत्ता असतो; आपण सखल भागात राहतो असे कुणालाच वाटत नाही. आणि ‘सतर्क राहणे’ म्हणजे नक्की काय करणे?

तीच सूचना अशी लिहून पाहा: ‘संध्याकाळी सहापर्यंत पाणी मारुतीच्या पाराला लागेल. पाराच्या खालच्या घरांनी चार वाजेपर्यंत शाळेत यावे. जनावरे आधी माळावर न्यावीत, चारा तिथे आहे. शाळेत रात्रीचे जेवण मिळेल.’ यात वेळ आहे, खूण आहे, कृती आहे आणि पोहोचल्यावर काय मिळेल हेही आहे. नर्मदापुरम्‌मध्ये सेठाणी घाटावर ९६७ फूट ही धोक्याची पातळी. ती मोजणारा आपले काम चोख करतो. पण तिचे भाषांतर गल्लीगल्लीच्या पाराच्या, नाल्याच्या, पिंपळाच्या भाषेत करणे हे त्या गल्लीतल्या लिहित्या-वाचत्या माणसांचे काम आहे. आणि ते मराठीतच पुरे होणार नाही. आपल्या भोपाळात ते हिंदीत, बुंदेलीत, वस्तीला जी कळते त्या बोलीत झाले पाहिजे.

पाणी ओसरल्यावर माझ्या पेशाचे काम सुरू होते. पुरातून वाचलेली माणसे पुढच्या पंधरवड्यात दगावू नयेत, यासाठी चार गोष्टी पुरतात. पाणी उकळून प्यावे, विहिरीत ब्लिचिंग पावडर पडल्याशिवाय तिचे पाणी घेऊ नये. जुलाब सुरू होताच मीठ-साखर-पाणी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या द्रावणाने कॉलऱ्याचे मरण कितीतरी कमी केले. पुराच्या पाण्यात उभे राहिलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. आणि साप चावला तर प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. होमिओपॅथीचा डॉक्टर म्हणून मी हे स्पष्ट सांगतो: या दोन बाबतींत माझ्या किंवा कुणाच्याही साबुदाण्यासारख्या गोड गोळ्यांवर थांबू नका. त्या वेळी माझे काम एकच, चिठ्ठी लिहून रोग्याला सरकारी रुग्णालयाच्या वाटेला लावणे.

पाचवी गोष्ट कुणी मोजत नाही. पुरात रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, फिटच्या गोळ्या वाहून जातात आणि गोळीचे नाव आजोबांना आठवत नाही. ‘पांढरी, छोटी, सकाळची’ एवढेच ते सांगतात. पंचनाम्यात भिंत येते, भांडी येतात, जनावर येते. गोळी येत नाही, झोप येत नाही. पाऊस वाजू लागला की दचकून उठणारी माणसे वर्षभराने दवाखान्यात येतात आणि पोट बिघडल्याची तक्रार सांगतात.

मराठीत पावसाळ्याच्या तयारीला ‘आगोटीची बेगमी’ असा नेमका शब्द आहे. घर शाकारणे, लाकूडफाटा भरणे, पापड-सांडगे वाळवणे, बियाणे जपणे हे सारे त्यात येई. म्हणजे तयारी ही आपल्या पूर्वजांच्या घरात वर्षाच्या कामांतलेच एक काम होती. त्या यादीत आता काही नव्या ओळी घालायच्या आहेत. मृग लागण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी प्रत्येक गल्लीने, मंडळाने, मंदिराने, मशिदीने, बसदीने एकत्र बसावे. कोण चालू शकत नाही, कुणाला कोणती गोळी लागते, कुणाकडे ट्रॅक्टर आहे, कुणाला पोहता येते, कोणत्या खुणेला पाणी आले की कुणी कुणाचे दार वाजवायचे, हे एका वहीत लिहावे. कागदपत्रे आणि औषधांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला लावावी. वहीची एक प्रत वाण्याच्या दुकानात, एक शाळेत ठेवावी. दर वर्षी ती नव्याने लिहावी, कारण माणसे बदलतात, सुना येतात, म्हातारे थकतात, नाल्यावर नवी भिंत उभी राहते.

या कामाला निधी लागत नाही. एक वही, एक रविवार आणि आपल्या शेजाऱ्याचे नाव ठाऊक असणे एवढे पुरते. यंदाचा पावसाळा यायच्या आत आपल्या गल्लीतल्या एका घरापासून सुरुवात करा, आणि ज्याचे दार तुम्ही वाजवणार आहात, त्याला ते आधीच सांगून ठेवा.